आपली पिशवी, त्यांची विहीर

कचरा कुठेतरी जाणारच. पण तो कुणाच्या शिवारात जावा, हे ठरवण्याचा अधिकार कुणाला?

पुण्यात नोकरीला होते तेव्हा हा प्रश्न मला कधी पडला नाही. पिशवी दाराबाहेर ठेवायची, थोड्या वेळाने ती तिथे नसायची. २०१७ च्या एप्रिलमध्ये उरुळी देवाची-फुरसुंगीच्या डेपोला आग लागली. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि सुमारे तीन आठवडे शहरात कचरा साचत राहिला. वास आपल्या नाकाशी आला तेव्हा कळलं, की १९९१ पासून पुण्याच्या पिशव्या त्यांच्या शेतांशेजारी जात होत्या. विहिरींचं पाणी नासलं होतं आणि गावं टँकरची वाट बघत होती.

टँकर हा शब्द मला लागला, कारण माझं गाव म्हसवड. आमच्या माणदेशात जमीन किती आहे हे नंतर विचारतात. आधी विचारतात, विहिरीला पाणी किती?

उघडा डेपो आणि शास्त्रोक्त लँडफिल यांत फरक आहे, हे मान्य. २०१६ च्या नियमांनी लँडफिलच्या तळाशी ९० सेंटिमीटर मातीचा घट्ट थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक सांगितलं होतं. नदीपासून १०० मीटर, वस्तीपासून आणि पाण्याच्या विहिरींपासून २०० मीटर अंतर सांगितलं होतं. नियम वाईट नाहीत. पण ते अंतर मोजतात, माणसांचं वजन मोजत नाहीत.

जागा शोधताना नकाशावर आधी ‘पडीक’ जमीन दिसते. आमच्याकडचा कितीतरी माळ कागदावर पडीकच आहे. त्यावर मेंढरं चरतात. त्यावर पडलेला पाऊस ओढ्याला जातो आणि ओढ्याकाठच्या विहिरीत उतरतो. मेंढक्याच्या नावावर त्या माळाचा सातबारा नसतो, म्हणून त्याला कुणी विचारत नाही.

मग म्हणतात, मोबदला देऊ. मोबदला आजच्या मालकाला मिळतो. लँडफिल वीस-पंचवीस वर्षं चालतं, बंद झाल्यावर किमान १५ वर्षं त्यावर लक्ष ठेवायचं असतं. त्यापुढे कोण बघणार? आजोबांनी केलेली सही नातवाच्या विहिरीला कशी लागू व्हावी?

तरीही ‘लँडफिल नकोच’ असं मी म्हणू शकत नाही. वापरलेले पॅड, डायपर, चिंध्या यांची वाट कुठेतरी लावावीच लागते. आणि कचरा म्हसवडमध्येही होतो. म्हणून मी दोनच गोष्टी विचारते. हेच लँडफिल, एवढ्याच अंतरावर, शहर स्वतःच्या एखाद्या चांगल्या वस्तीजवळ करेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर जागा तंत्रज्ञानाने निवडलेली नाही, ज्याचा आवाज कमी त्याची निवडली आहे.

दुसरं, तिथे काय पाठवणार? नियमानुसार तिथे फक्त उरलेलं, कशाच्याच कामाला न येणारं जायला हवं. ओलं-सुकं एकत्र गेलं की ते कुजतं, काळं पाणी सुटतं, गॅस होतो. म्हणजे उरुळीच्या विहिरी नासवण्यात माझ्या बटाट्याच्या सालींचाही हात होता. ओला कचरा वेगळा ठेवणं ही मी टापटीप समजत होते. खरं तर तो शेजारधर्म होता, फक्त शेजारी वीस किलोमीटरवर राहत होता.

गावाने हो म्हणायचं की नाही, ते गाव ठरवेल. पण त्याच्याकडे जमीन मागायला जाण्याआधी आपण आपली पिशवी तरी उघडून बघायला हवी.