काजीची दावत

न्यायाधीशाने रागाच्या भरात दोघांमध्ये निवाडा करू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. फिकहच्या जाणकारांनी त्यात भूक आणि झोपही धरली. हनफी ग्रंथांनी तर काजीने खास त्याच्यासाठी मांडलेल्या दावतीला जाऊ नये, असे बजावले. खाल्लेले मीठ निकालात उतरते!

परंतु समाजाचा पूर्वग्रह ही अशी दावत आहे, की जेवणाऱ्याला आपण जेवतो आहोत हेच उमगत नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला आठवा. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता! रात्री, ठाण्यात, वर्दीसमोर एका गरीब मुलीने किती विरोध करावा? त्या न्यायमूर्तींना कोणी जेवू घातले नव्हते. ‘अब्रूदार बाई गप्प राहत नाही’ हा समज तुमच्या-आमच्या ओसरीवरूनच न्यायासनापर्यंत पोहोचला होता.

चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतील संबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने ‘संमती नव्हती’ म्हटले, की न्यायालय तसेच गृहीत धरते.