न दिसणाऱ्या ग्रहाचं अनुमान

मी न्यायशास्त्र शिकवतो. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे आग आहे, हे उदाहरण पहिल्याच तासाला येतं आणि कुणीतरी चुणचुणीत विद्यार्थी चार्वाकाची बाजू घेतोच : आग पाहिलीच नाही, तर आहे कशावरून? हल्ली त्याला मी अंटार्क्टिकाची हकीकत सांगतो.

तिथे ३,२०० मीटर उंचीवर, डोम सी नावाच्या बर्फाच्या पठारावर फ्रान्स आणि इटलीचं कॉन्कॉर्डिया स्थानक आहे. तिथली ४० सेंटिमीटरची ‘अ‍ॅस्टेप’ दुर्बीण दूरच्या ताऱ्यांचे ग्रह शोधते. ग्रह तिला दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून सरकला की ताऱ्याचा उजेड किंचित उतरतो. गुरूएवढा ग्रह सूर्याएवढ्या ताऱ्यासमोर आला तरी जेमतेम १ टक्का. दिसतं ते एवढंच. बाकी अनुमान.

चार्वाकाचा आक्षेप इथे खरा धारदार ठरतो, आणि खगोलशास्त्रज्ञ तो मनापासून ऐकतात. मागे एखादी ताऱ्यांची जोडी असेल, त्यातला एक दुसऱ्याला झाकत असेल. ताऱ्यावर डाग असतील. आपलीच हवा गढूळ झाली असेल. आम्ही याला उपाधी शोधणं म्हणतो. त्या एकेक दूर सारल्या की मग भूयोदर्शन : तोच उतार, तेवढाच, ठरल्या वेळी पुन्हा. इतरत्र पहाट होते आणि नेमका पुढचा फेरा दिवसाउजेडी निसटतो. डोम सीवर मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टपर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारचा संधिप्रकाश सोडला तर रात्रच. थंडी उणे ७० अंशांखालीही जाते, कित्येक महिने विमान येत नाही, आणि डझनभर माणसं तिथे राहतात. एका हेतूची, म्हणजे अनुमानाला आधार देणाऱ्या खुणेची, खात्री करण्यासाठी काढलेला तो हिवाळा मला तपच वाटतो.

आमच्याच न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरही अनुमानानेच सिद्ध केला. मडक्याला कुंभार असतो, तसा पृथ्वीलाही कर्ता हवा. पण मडकी घडताना आपण कितीदा पाहिली. पृथ्वी घडताना कुणी पाहिली? आता ५,००० हून अधिक परग्रह ठाऊक आहेत. पीडीएस ७० या ताऱ्याभोवती वायू आणि धुळीच्या तबकडीत ग्रह आकार घेताना टिपले गेले आहेत; कुंभार तिथे आढळला नाही. आचार्य म्हणतील, कर्ता अशरीरी आहे, तो दिसेल कसा? मान्य. पण अ‍ॅस्टेपला ग्रहही दिसत नव्हता, तरी पुढच्या फेऱ्याची वेळ त्याच्या अनुमानावरून सांगता येत होती. ईश्वराच्या अनुमानातून अशी कुठली वेळ निघते, ते मला सापडलेलं नाही.

संध्या मी रोज करतो, करत राहीन. ती श्रद्धेवर उभी आहे. वर्गात मात्र ईश्वरसिद्धी शिकवताना हेतूपर्यंत येऊन थांबतो आणि पुढचं निगमन, म्हणजे निष्कर्ष, फळ्यावर लिहीत नाही; ते विद्यार्थ्यांनी भांडून ठरवावं.