बंद केलेले घड्याळ पुन्हा घडवावे काय?

एखादे मॉडेल बंद करायचे, काही दशके जाऊ द्यायची आणि मग तेच पुन्हा बाजारात आणायचे, ही स्वित्झर्लंडमधील महागड्या घड्याळ-कंपन्यांची आता रीतच होऊन बसली आहे. श्रीमंतांचा शौक म्हणून हा प्रश्न सोडून देता येईल. पण वचन, कारागिरी आणि सचोटी या तीन गोष्टी त्यात गुंतल्या आहेत, आणि त्या काही श्रीमंतांपुरत्या नाहीत.

आधी विरोधकांचे म्हणणे ऐकू. नवी आवृत्ती आली की आमच्या घड्याळाचे दुर्मीळपण जाते, अशी जुन्या मालकांची तक्रार असते. व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिन या कंपनीने १९७७ साली आपल्या २२२ व्या वर्षानिमित्त '२२२' नावाचे घड्याळ काढले. त्याचा घाट योर्ग हिसेक यांचा. पुढे ते बंद झाले. २०२२ मध्ये सोन्यात आणि २०२५ मध्ये पोलादात ते परत आले. यात जुन्या मालकाचे काय गेले? त्याच्या मनगटावर घड्याळ आहे तेच आहे. त्याने घड्याळ विकत घेतले होते. ते दुसऱ्या कुणाला मिळू नये, हा हक्क विकत घेतला नव्हता. दुसऱ्याकडे नसण्यातच ज्याचा आनंद आहे, त्याचा आनंद राखण्याची जबाबदारी कारागिरावर नाही.

मात्र कंपनीने शब्द दिला असेल तर गोष्ट वेगळी. १९५७ सालच्या आपल्या तीन घड्याळांच्या नव्या आवृत्त्या ओमेगाने २०१७ मध्ये काढल्या, त्या प्रत्येकी ३,५५७ च. येथे संख्या सांगून किंमत घेतली आहे. तेच घड्याळ आणखी एक जरी काढले, तरी तो वचनभंग ठरेल. शब्द महाग वाटत असेल, तर तो देऊच नये.

पुनरुज्जीवनाच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष आहे ती झेनिथ कंपनीच्या चार्ल्स व्हर्मो या कारागिराची. १९६९ मध्ये झेनिथने 'एल प्रिमेरो' हे स्वयंचलित यंत्र तयार केले. त्याच वर्षाअखेर जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विकायला आणले. त्या लाटेत स्विस घड्याळ उद्योगातील कामगार सुमारे ९० हजारांवरून १९८० च्या दशकात सुमारे ३० हजारांवर आले. १९७५ मध्ये झेनिथच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळे बंद करून हत्यारे मोडीत काढण्याचा हुकूम दिला. व्हर्मोंनी विनवणी केली. ती कुणी ऐकली नाही. तेव्हा त्यांनी साचे, हत्यारे आणि आराखडे गुपचूप ले लोक्ल येथील कारखान्याच्या माळ्यावर दडवले. १९८४ मध्ये त्यांच्याच बळावर ते यंत्र पुन्हा सुरू झाले. व्हर्मोंनी हुकूम मोडला, पण अमानत राखली. अनेक हातांनी मिळवलेला हुन्नर हा कागदोपत्री मालक असलेल्याने एका सहीने पुसून टाकावा, इतका त्याचा एकट्याचा नसतो.

राहिली सचोटी. नव्याने नवे म्हणूनच यावे. जुनेपणाचे सोंग कुठवर जाते, हे २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात दिसले. १९५७ सालचे म्हणून विकले गेलेले एक स्पीडमास्टर खुद्द ओमेगाने ३० लाखांहून अधिक स्विस फ्रँकना घेतले. २०२३ मध्ये उघड झाले की ते निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभे केलेले होते. उघडपणे घडवलेली नवी आवृत्ती यापेक्षा कितीतरी प्रामाणिक.

तेव्हा बंद मॉडेल जरूर परत आणावे. पण दिलेला शब्द पाळून आणि साल न लपवता. आणि त्याआधी, ज्यांच्याकडे जुने घड्याळ आहे त्यांना दुरुस्ती आणि सुटे भाग मिळतील, एवढे तरी पाहावे. जुन्या घड्याळाला स्प्रिंग न देणाऱ्या कंपनीने त्याच्या आठवणीवर नवे घड्याळ विकावे, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही.