छप्पर नसलेलं हरितगृह

पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की भोसरी-चाकण पट्ट्यात कंपन्यांच्या गेटवर रोपं येतात, फलक लागतात आणि भाषणांत हमखास ऐकू येतं: धुरामुळे पृथ्वीवर काचेचं झाकण बसलंय. एका दमात दोन चुका. धूर आणि हरितगृह वायू एक नव्हेत. पीयूसीवाला पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून तपासतो तो कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन. हरितगृह वायू असलेल्या कार्बन डायऑक्साइडला तिथे मर्यादाच नाही. पेट्रोल जळेल तसा तो निघणारच, पीयूसी खिशात असली तरी.

आणि झाकण? तळेगावला एमआयडीसीच्या फ्लोरिकल्चर पार्कात गुलाबाची पॉलीहाऊस आहेत. आत उकडायला लागलं की बाजूचे पडदे गुंडाळायचे, गरम हवा बाहेर पडते. हवा कोंडून धरणं हीच त्या घराची करामत. साध्या पॉलिथिनमधून उष्णतेचे अवरक्त किरण बरेचसे निसटतात, तरी ते तापतंच. अमेरिकेत रॉबर्ट वुडनं १९०९ साली एका पेटीला काच, दुसरीला हे किरण आरपार सोडणारी सैंधवाची पाटी लावून हेच दाखवलं होतं.

हवा उष्णता कशी अडवते, या शोधात फूरिए, टिंडॉल, अऱ्हेनियस ही नावं परिचित आहेत. टिंडॉलच्याही आधी, १८५६ मध्ये, युनिस फूटनं कार्बन डायऑक्साइड नळकांड्यात भरून उन्हात ठेवला आणि तो हवेपेक्षा जास्त तापल्याचं नोंदवलं. १९०७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ पॉइंटिंग याला ‘हरितगृह परिणाम’ म्हणत होता.

वुडनं उपमा पाडली म्हणजे सिद्धान्तच पडला, असं मानणारे आजही भेटतात. खरा घाव १९०० सालचा. स्वीडनच्या क्नूट ऑंग्स्ट्रॉमला आढळलं, की नळीतला कार्बन डायऑक्साइड कमी केला तरी उष्णता जवळपास तेवढीच शोषली जाते. मग आणखी वायू घालून फरक काय पडणार? झाकण डोळ्यांपुढे ठेवलं तर हा तर्क बिनतोडच. बहुतेकांनी तो मानला आणि काही दशकं विषय मागे पडला.

पण हवा म्हणजे एकच थर नाही. प्रत्येक थर खालून आलेली उष्णता शोषतो आणि वर-खाली फेकतो. पुरेशी विरळ हवा लागली की ही उष्णता अवकाशात सुटते. वायू वाढला की सुटकेची ही पातळी वर, अधिक थंड हवेत सरकते आणि थंड हवा कमी उष्णता फेकते. सूर्याकडून आवक तेवढीच, जावक घटलेली. मेळ बसेपर्यंत जमीन तापत राहते. भौतिकशास्त्रज्ञ प्लासनं १९५६ मध्ये संगणकावर थरवार गणित मांडलं. मानाबे आणि वेदराल्ड या हवामानशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये ते पक्कं केलं: वायू दुप्पट झाला तर जमिनीलगत सुमारे २.३ अंश वाढ, हवेचा वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, मात्र थंड. दोष सूर्याचा असता तर हा थरही तापला असता. उपग्रहांच्या नोंदींत तो गार होत गेलाय. कुठल्याही झाकणाच्या उपमेतून हे भाकीत निघालं नसतं.

कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि जिथे निघाला तिथे थांबतही नाही. राज्याची बरीच वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत कोळसा जाळून येते. चाकणच्या शॉपफ्लोअरवर वेल्डिंग रोबो आणि कॉम्प्रेसर तिच्यावरच चालतात, आसपास एकही धुराडं दिसत नसताना.