मागच्या चाकाचा हिशेब

माझ्या धाकट्या चुलत्याकडं टमटम होती. आम्ही त्याला तात्या म्हणायचो, सगळा स्टँडही तात्याच म्हणायचा. टमटम म्हणजे पुढं फटफटीसारखं हँडल आणि एक चाक, मागं दोन चाकं आणि त्यावर माणसं बसायचा डबा. मांजरसुंब्याच्या चौकात चार रस्ते फुटतात. एक घाट उतरून बीडला, एक चौसाळ्यावरून सोलापूरला, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला आणि एक पाटोद्यावरून नगरकडं. परगावची माणसं या चौकात रबडी खायला थांबतात. आमच्यासाठी चौक म्हणजे सीट भरायची जागा.

तात्या आधी ऊसतोडीला जायचा. कारखान्यावर टायरगाडी हाकून हाकून त्याला टायराची चांगली पारख झाली होती. नुसता अंगठा फिरवून तो सांगायचा, हे अजून किती दिवस चालंल. म्हणून मागचं डावं टायर संपलंय, हे त्याला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. २००९ सालची दिवाळी झाली होती. टायरवरची नक्षी पार गेली होती आणि एके ठिकाणी आतला धागा दिसायला लागला होता. कायदा सांगतो की तीनचाकीच्या टायरची नक्षी ०.८ मिलिमीटरच्या खाली गेली की ते टायर रस्त्यावर आणू नये. आमच्या टायरवर मोजायला नक्षीच उरली नव्हती.

चौकातल्या पंक्चरवाल्या चाचानं भाव सांगितला. नवं टायर सोळाशे, ट्यूब दोनशे. रिमोल्ड घेतलं तर सातशे. आणि काहीच जमत नसलं तर आतून गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा लावून द्यायचा, त्याचे पन्नास रुपये.

"गेटर टाक," तात्या म्हणाला.

"टाकतो. पण तात्या, पुढं नवं अन् मागं हे?" चाचा हसला. "सगळे असंच करतेत म्हणा. पुढं आपण बसतो ना."

मी तिथंच उभा होतो. चाचाचं ते बोलणं तात्याला लागलं, हे मला दिसलं. तो काही बोलला नाही, पन्नासची नोट काढून दिली.

तात्याच्या खिशात त्या दिवशी दोन हजार होते, हेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यातले पंधराशे त्यानं माझ्या हातात ठेवले. मी बीडला बारावीला होतो. आईबाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेले होते, उचल घरच्या देण्यात गेली होती आणि खाणावळीचे दोन महिने थकले होते. खाणावळवाल्या काकूनं ताट बंद करायचं बोलून दाखवलं होतं. मी पैसे घेतले. कुठून आले, हे विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

तात्याचा विचार सरळ होता. कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला मन्मथस्वामींची यात्रा भरते. त्या दिवसांत गाडीला दम नसतो. यात्रेत चार पैसे आले की टायर घ्यायचं. म्हणजे टायर घेण्याइतके पैसे त्याच टायरवर माणसं बसवून मिळवायचे. यात्रा झाली, पैसे आले. त्यातले काही हप्त्याला गेले, काही काकूच्या दवाखान्याला. टायर तसंच राहिलं.

आमच्या वस्तीवरची एक म्हातारी मावशी दर आठवड्याला डोळ्याच्या दवाखान्यासाठी बीडला जायची. तात्याच्याच गाडीत बसायची, कारण तो तिला हाताला धरून चढवायचा आणि बीडला उतरवून रस्ता ओलांडून द्यायचा. गेटर टाकल्यावर मागचं चाक थोडं धडधड करायचं. मावशीला दिसत कमी होतं, पण ते अंगाला कळायचं.

"लेकरा, चाक कामून वाजायलंय? टायर बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की मावशे. रस्ताच खराब हाय."

डिसेंबरात एका दुपारी बीडहून आठ माणसं घेऊन तात्या घाट चढून वर आला. कागदावर तीन सीटचा परवाना होता, आठ-नऊ बसवायचे, हेही लपवायला नको. चौकात सगळे उतरले. मावशीला तिच्या नातीनं हाताला धरून नेलं. तात्यानं चहा सांगितला आणि कप हातात आला तेवढ्यात मागून धाडकन आवाज झाला. टायर फुटलं होतं. गाडी रिकामी होती, उभी होती, डाव्या अंगावर बसली होती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. स्टँडवरची पोरं हसली. म्हणाली, तात्या, नशीबवान हाईस.

तात्यानं चहा प्यायला नाही. संध्याकाळी उसनवारी करून नवं टायर आणलं.

मला जो प्रश्न आहे तो इथून सुरू होतो. काहीच झालं नाही, मग तात्याचं चुकलं काय? हेच टायर दहा मिनिटं आधी घाटाच्या वळणावर फुटलं असतं तर आम्ही सगळे त्याला गुन्हेगार म्हणालो असतो. पण तात्यानं केलं ते दोन्ही वेळा एकच. फुटायची वेळ तेवढी निराळी, आणि ती काही त्याच्या हातात नव्हती. माणसाचा दोष टायर कुठं फुटलं यावरून ठरवायचा असेल, तर मग न्याय पंक्चरच्या दुकानातच करावा लागेल. मला वाटतं, दोष झाला तो गेटर टाकला त्या दिवशी. नंतरचं नशीब.

गरिबीत काटकसर हा मोठा गुण. आमची आजी विझलेली चूल राखेतल्या निखाऱ्यावर पेटवायची, काडी वाचवायची. बाप तुटलेली चप्पल तारेनं शिवून घालायचा. त्या काटकसरीचा चटका ज्यानं केली त्यालाच बसायचा. तात्याची काटकसर निराळी. वाचलेले पैसे आमच्या घरात आले आणि त्यातला धोका मागच्या डब्यात बसलेल्यांच्या वाट्याला गेला. ते बिचारे पंधरा रुपये रोख देऊन बसत होते.

पुढं मी मास्तर झालो तेव्हा एकदा वहीवर हिशेब मांडला. मागची दोन टायरं ट्यूबसकट ३,६००. ती आमच्या गाडीला पंधराएक हजार किलोमीटर जायची. म्हणजे किलोमीटरला २४ पैसे. मांजरसुंबा ते बीड वीसेक किलोमीटर, म्हणजे एका खेपेला ४ रुपये ८० पैसे. आठ माणसांवर वाटले तर माणशी ६० पैसे. मावशीच्या जिवाखालच्या टायरची किंमत एका खेपेला साठ पैसे होती. ते तिनं दिलेल्या पंधरा रुपयांतच होते. आम्ही ते खाऊन टाकले होते.

गरिबाची खरी अडचण अशी की झीज रोज होते आणि बिल एकदम येतं. बैलगाडीच्या काळात चाकाची लोखंडी धाव ढिली झाली की लोहार बसवून द्यायचा आणि सुगीला त्याचं बलुतं धान्यात जायचं. गाडीचा खर्च वर्षाच्या हिशेबातच धरलेला असायचा. टायर मात्र रोख मागतं, तेही खाणावळीचं बिल येतं त्याच महिन्यात. म्हणून मी तात्याला सहज दोषी म्हणू शकत नाही. दुसऱ्या बाजूला भुकेलं पोर होतं आणि ते पोर मी होतो.

एक गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. हवेचं टायर ज्यानं चालू केलं तो जॉन डनलप गुरांचा डॉक्टर होता, बेलफास्टला राहायचा. त्याचं पोर तीनचाकी सायकल चालवायचं. घन रबराच्या चाकांनी पोराला हिसके बसतात, म्हणून त्यानं चाकांना हवा भरलेली नळी गुंडाळली. १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे ते टायर तीनचाकीसाठीच झालं होतं, आणि वर बसलेल्याला त्रास होऊ नये एवढ्यासाठीच. वाचलं तेव्हा मला चाचाचं हसणं आठवलं.

नवं टायर टाकल्यावर पुढच्या आठवड्यात तात्यानं मावशीला खरं सांगितलं. कुणी सांगायला लावलं नव्हतं. मी गाडीत होतो. मावशी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सांगितलं आसतंस तरी बसलेच आसते रं. मला कुठं दुसरी गाडी हाताला धरून नेतीय? पर इचारायचं तरी."

तात्या रात्री घरी म्हणाला, "इचारून काय फरक पडला आसता? दुसऱ्याच्या गाडीत बसली आसती. त्याचं टायर काय नवं हाय का?"

मी तेव्हा तात्याच्या बाजूचा होतो. आज वाटतं, त्याचं खरं होतं आणि मावशीचंही खरं होतं. तिच्यापुढं दुसरी वाट नव्हती, त्यामुळं ती हो म्हणाली असती तरी ते अडलेल्याचंच हो. तेवढ्यानं तात्या मोकळा झाला नसता. पण जीव तिचा होता. त्याला धोका आहे हे कळायचा तिचा हक्क होता, आणि तिनं विचारलं तेव्हा आम्ही रस्त्यावर ढकललं.

त्यानंतर तात्यानं घरात पत्र्याचा एक डबा ठेवला. रोज रात्री गाडी लावली की त्यात वीस रुपये टाकायचा. काकू त्याला टायरचा गल्ला म्हणायची. एकदा तिच्या तापात त्यातले दोनशे काढले, तेव्हा पाच दिवस रोजचे वीस आणि वर चाळीस टाकून भरून काढले. माझा वहीवरचा हिशेब नंतरचा. दिवसाच्या चार खेपा धरल्या तर तोही १९ रुपये २० पैशांवर येतो. तात्या चौथी शिकलेला.

आता रस्ता चौपदरी झाला, तात्यानं टमटम विकली. मावशी राहिली नाही. मी महिन्यातून एकदा एसटीनं तो घाट चढतो. वर आलं की चौकात उतरून चहा घेतो. त्या पंधराशे रुपयांत मी दोन महिने जेवलो, परीक्षा दिली, मास्तर झालो. तात्यानं आपला हिशेब डब्यात टाकून फेडला. माझ्या वाटणीचे साठ पैसे अजून माझ्याकडंच आहेत.