धाडस कोणाचं?

एरियल सिल्कच्या क्लासचा तिसरा आठवडा. छताच्या हुकाला टांगलेलं लांब कापड, त्याचे दोन पदर, खाली जाड गादी. पदराचा वेढा पावलाला असा घ्यायचा, की उभं राहिल्यावर तो आपल्याच वजनाने आवळला जातो. याला फूट लॉक म्हणतात.

मैत्रीण वर होती. वेढा नीट बसलाय की नाही, याची तिला खात्री नव्हती. मी खालून ओरडले, "सोड गं हात, काही होत नाही!" तिने सोडला. वेढा सुटला. गादी होती, म्हणून मनगट मुरगळण्यावर भागलं.

"चूक माझीच," ती म्हणाली. मला ते पटत नाही. १८५९ मध्ये पॅरिसला ज्यूल लेओतारने एका ट्रॅपीझवरून दुसऱ्यावर झेप घेतली, तेव्हा झेप त्याची होती आणि जोखीमही त्याचीच. मी मात्र जमिनीवर उभी राहून धाडस केलं, किंमत तिने मोजली.

मग प्रोत्साहन देऊच नये? द्यावं. पण आधी विचारावं, "वेढा बसलाय का?" उत्तर "माहीत नाही" असेल, तर "खाली ये" म्हणावं. मला खालून जे दिसत नव्हतं, ते तिच्या पावलाला कळत होतं. मी त्यालाच भित्रेपणा समजले.