दगडाचें देणें

मुंबईंत अंधेरीच्या पश्चिमेस, दाट वस्तीच्या मधोमध, काळ्या दगडाचा सुमारें 200 फूट उंचीचा एक सुळका उभा आहे. त्यास गिल्बर्ट टेकडी म्हणतात. माथ्यावर गांवदेवीचें देऊळ, आणि तेथवर नेणाऱ्या, खडकांत कोरलेल्या पायऱ्या. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमींतून जो लाव्हारस वर आला, त्याचेंच हें अपत्य. रस निवतांना आकसला, आकसतांना तडकला. ते तडे खोलवर उतरले आणि एकमेकांस चिकटून उभे असे बहुकोनी खांब तयार झाले. अमेरिकेंतील डेव्हिल्स टॉवर हा अशाच स्तंभांचा सुळका. त्यास 1906 सालीं राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. आमच्या टेकडीस सरकारी संरक्षण 1952 सालीं लाभलें आणि महापालिकेच्या वारसायादींत ती 2007 सालीं आली. तोंवर भोवतालचा खडक खाणींनीं खाऊन टाकला होता.

येथें खाणवाल्यास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. मी मात्र अडखळतों. ज्या घरांत बसून हें लिहीत आहें त्याचें जोतें काळ्या दगडाचेंच आहे. तो कोणत्या टेकडीचा, हें मीं कधीं विचारलें नाहीं. दगड फोडणाऱ्या मजुराचीं मुलेंबाळें त्याच दगडावर जगलीं. शिवाय जे खांब पाहून भूशास्त्रज्ञ हरखतात, ते इतके उघडे पडले तेही पुष्कळसे खाणींमुळेंच!

दगडास वेदना नाहीं. मग त्याचा अपराध कसा घडेल, असें कोणी विचारील. मला वाटतें, प्रश्न वेदनेचा नाहींच. सह्याद्रींत असा दगड अपार आहे; जोत्यापुरता घेतल्यानें तो सरत नाहीं. परंतु जें एकच आहे तें संपविणें ही निराळी कृति होय. रद्दी कागद चुलींत घातला काय आणि एखाद्या ग्रंथाची एकुलती एक पोथी घातली काय, ऊब सारखीच मिळते; पण त्या दोन कृत्यांना आपण एकच नांव देत नाहीं.

माथा शाबूत राहिला, यांत देवळाचा वाटा थोडा नसावा. भाविकाला लाव्हारस ठाऊक नव्हता; येथें पहार लावूं नये, एवढें ठाऊक होतें. आम्ही सुशिक्षित त्या भावनेला हसलों, आणि तिनें राखलेल्या वस्तूची किंमत फार उशिरां ओळखली. कारण चुकीचें असतांना कृति योग्य ठरूं शकते काय, हा प्रश्न मीं वर्गांत अनेक वेळां टाकला आहे. माझें उत्तर पूर्वीं ठाम असे. आतां तसें राहिलेलें नाहीं. भाविकाचें कारण चुकीचें तरी कसें म्हणावें? ही वस्तु आपण घडविलेली नाहीं, हेंच तर तो आणि शास्त्रज्ञ दोघेही सांगतात.

आज पायथ्याशीं घरें इतकीं भिडलीं आहेत कीं वरून सुटलेला धोंडा कोणाच्या तरी छपरावरच यावा. त्या छपरांखालच्या माणसांचा प्रश्न वारसायादीनें सुटत नाहीं. मीं वर केलेल्या भेदानेंही सुटत नाहीं.